मनगटावरची पावलं

"हात चालतो त घर चालतं," असं हंसाबाय म्हणायची. कोणी बस म्हटलं तरी हेच, दमलीस का विचारलं तरी हेच. रोशनी सून म्हणून घरात आली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने सासूला म्हटलं, "आई, मी करते, तुम्ही बसा." हंसाबायने हेच म्हटलं आणि पिठाची परात आपल्याकडे ओढून घेतली.

कामणच्या अलीकडे, भिवंडीच्या रस्त्यावरून खाडीच्या अंगाला उतरलं की आमचा पाडा लागतो. रस्त्याच्या कडेला आता गोदामंच गोदामं आहेत. पत्र्याची, निळी, एवढी मोठी की त्यांच्या सावलीत दुपारी चार घरं झोपतात. त्यांच्या मागे मात्र अजून आमची भातशेती आहे. तिच्याही पलीकडे खाडीचं खारं पाणी आहे. ते शेतात शिरू नये म्हणून जुन्या माणसांनी मातीचा लांब बांध घातला. बांधाच्या मध्यावर एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघडायचं, भरतीला लावायचं. ते कधी लावायचं हे आम्हा आगऱ्यांना घड्याळ न बघता कळतं. खाऱ्या पाण्याच्या तोंडातून जमीन काढून तिच्यावर भात पिकवलेली माणसं आहोत आम्ही. आम्हाला हे कोणी शिकवलं नाही.

हंसाबाय या पाड्यातली. माहेर इथलं आणि सासरही इथलंच, दोन्ही घरांमध्ये फक्त एक चिंचेचं झाड. एक्कावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, रंगाने सावळी, आणि हात असे की बघत राहावं. तिच्यासारखी तांदळाची भाकरी खाडीकाठी कोणी करत नव्हतं. इतर ठिकाणी भाकरी परातीत थापतात. आमच्याकडे ती हातावर थापतात. उकड काढलेल्या पिठाचा गोळा पाण्याने ओल्या केलेल्या तळहातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर थापत थापत वाढवायचा. हंसाबाय थापायला बसली की दोन घरं पलीकडे आवाज जायचा. नव्या भाताचा पहिला घास कोणाच्याही घरात असो, भाकरी हंसाबायच्या हातची असावी असं बायका म्हणायच्या.

सकाळी पाचपासून अकरापर्यंत ती चुलीपुढे असायची. गोदामांवरच्या माणसांच्या खानावळीला रोज शंभर भाकऱ्या जात. शनिवार-रविवार राजोडीच्या किनाऱ्यावरच्या मच्छीच्या हॉटेलांचा टेम्पो यायचा, त्या दिवशी आकडा दीडशेच्या पुढे जायचा. नवरा धर्मा एका गोदामावर रात्रपाळीचा वॉचमन. सून रोशनी नालासोपाऱ्यात एका कपड्यांच्या दुकानात कामाला. आणि मुलगा जितेश, एकुलता एक, अठ्ठावीस वर्षांचा, गोदामात माल उतरवून घेणाऱ्यांवरचा सुपरवायझर.

दीड वर्षापूर्वी जितेशचे पाय सुजायला लागले. उभं राहून काम आहे, सुजणारच, असं सगळे म्हणाले. मग तोंड सुजलं. मग एक दिवस तो गोदामाच्या दारातच बसला आणि त्याला उठता येईना. वसईच्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. रक्तदाब कधीपासून वाढलेला होता आणि कोणी मोजलाच नव्हता.

तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार. दुपारी रिक्षाने वसईला जायचं, चार तास यंत्राला बांधून घ्यायचं, रक्त धुऊन यायचं. आल्यावर जितेश भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आधी दहा गोण्या मोजून झाल्या की अकरावी स्वतः उचलायचा असा पोरगा. आता पाण्याचा पेला मापून प्यायचा आणि उरलेला घोट दिवसभर नुसता बघत राहायचा.

किडनी कोण देणार याची तपासणी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात झाली. रोशनीचा रक्तगट जुळला नाही. धर्माला स्वतःलाच रक्तदाब. राहिली आई. तिचं सगळं जुळलं. डॉक्टर कागद बघून हसले तेव्हा हंसाबायने हात जोडले आणि म्हणाली, "मंग आजच काढा."

"आई, आज नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं वजन ब्याऐंशी आहे. आणि साखर काठावर आहे. अशा माणसाची एक किडनी काढली तर उद्या तुम्हीच या यंत्रावर याल. वजन चौऱ्याहत्तरवर आणा. तीन महिन्यांची साखर काढतो आपण, ती खाली आली पाहिजे. मग मी स्वतः तारीख देतो."

"काय करू?"

"चाला. रोज दहा हजार पावलं. आणि रोज काट्यावर उभ्या राहू नका, जीव घाबरतो उगाच. पावलं बघा. पावलं झाली की वजन आपोआप येतं."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तीन महिने म्हणजे फेब्रुवारीचा मध्य.

पावलं मोजायची कशी, हा प्रश्न फेलिशियाने सोडवला. ती वसईच्या दवाखान्यात डायलिसिसची नर्स. वसईकडच्या एका वाडीतली, बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. तिच्या भावाने कुवेतहून आणलेला पट्टा घरी पडून होता. घड्याळासारखा मनगटावर बांधायचा, पावलं त्यात आपोआप मोजली जातात. तिने तो हंसाबायच्या हातावर बांधला.

"काढायचा नाही हां, काकू. आंघोळीलासुद्धा चालतो. रात्री जेवताना आकडा बघायचा आणि लिहून ठेवायचा. दिवसात शंभरदा बघू नका."

"बांगड्यांच्या वर घालू की खाली?"

"कुठेही घाला. फक्त काढू नका."

हंसाबायने तो बांगड्यांच्या वर घातला आणि शब्द पाळला. कधी काढला नाही. पहाटे चुलीपुढे बसताना तो हातात, भांडी घासताना हातात, दुपारी शेताच्या बांधावरून वळसा घालून यायची तेव्हाही हातात.

पहिल्याच दिवशी आकडा आला साडेदहा हजार.

रोशनीने तो वहीत लिहिला आणि ओरडली, "आई! पहिल्याच दिवशी!"

धर्मा पाटावरून म्हणाला, "बग. आनि तू म्हनत होतीस तुझ्यानं होनार नाय."

"मी कुठं काय केलं," हंसाबाय म्हणाली. "जराशी बांधावर जाऊन आली. बाकी घरातली धावपळ. आपुन किती चालतो ते आपुनला कुठं ठावं असतं."

आणि मग रोजच. दहा हजार चारशे. दहा हजार सातशे. अकरा हजार. शनिवारी तर पंधरा हजाराच्या वर. शनिवारी राजोडीच्या भाकऱ्या, त्यामुळे तिला बांधावर जायलाही फुरसत मिळत नसे, तरी पंधरा हजार. ती म्हणायची, "शनवारी मी लय फिरतंय, मनाच कलत नाय कुठं कुठं जातंय." पाड्यातल्या बायका तिचा हात धरून पट्टा बघायच्या. शेजारची मीरा म्हणाली, "हंसाबाय, आता तू पलायला लागशील. भावजी मागं राहतील."

जितेशसुद्धा तेव्हा बोलायला लागला होता. गुरुवारी यंत्रावर पडल्या पडल्या आईचा हात ओढून आकडा बघायचा. "आये, कालचा किती?" "अकरा." "हजार?" "नायतर काय, अकरा पावलं?" तो हसायचा. त्याने मोबाईलमध्ये फेब्रुवारीतल्या त्या तारखेवर खूण करून ठेवली होती. ऑपरेशन झालं की पहिलं काय करणार, हे तो फेलिशियाला सांगायचा. तांब्याभर पाणी, मधे न थांबता.

नऊ आठवडे असे गेले. वही भरत आली. हंसाबायला अंग हलकं वाटायचं. वाटायचंच ते. आशेनेही अंग हलकं वाटतं.

संक्रांत झाली आणि त्याच आठवड्यात पाड्यातल्या गिरणीची मोटर जळाली. पीठ नाही. हंसाबायच्या घरातलं पीठ त्या दिवशीच्या भाकऱ्यांना संपलं. दुसऱ्या दिवशी चूल थंड. तीस वर्षांत पहिल्यांदा पहाटे हंसाबायच्या हाताला काम नव्हतं. तिने विचार केला, आज पावलंच करू. सकाळी ती बांधावरून थेट जुन्या मिठागरापर्यंत गेली आणि आली. दुपारी कामणच्या बाजारात चालत गेली, चालत आली. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, तिने नाही म्हटलं. संध्याकाळी पोटऱ्या भरून आल्या होत्या. एवढं ती पोरपणानंतर कधी चालली नव्हती.

रात्री जेवताना रोशनीने आकडा बघितला आणि वही उघडी ठेवून तशीच बसली.

"काय झालं?" हंसाबायने विचारलं.

"सहा हजार आहे, आई."

"सोला असंल."

"नाही. सहा."

धर्मा म्हणाला, "बिघडलं. कुवेतचं हाय, इकडची हवा मानवली नाय."

दुसरा दिवस गुरुवार. गिरणी अजून बंदच होती. हंसाबाय जितेशबरोबर रिक्षात बसली तेव्हा पट्टा काढून तिने रुमालात बांधून घेतला होता, फेलिशियाला दाखवायला. जितेशला यंत्र लावलं. एका हातातून रक्त निघालं आणि फिरून परत यायला लागलं. तेव्हा तो म्हणाला, "दे इकडं, बगू." गोदामात त्याने वर्षानुवर्षं माल मोजायची यंत्रं हाताळली होती. मोकळ्या हाताने त्याने पट्टा उलटसुलट केला.

"काल काय काय केलंस?"

तिने सांगितलं.

"आनि भाकऱ्या?"

"पीठच नव्हतं, सांगते काय मी तुला."

जितेशने पट्टा तिच्यापुढे धरला. मग म्हणाला, "आये, हा हातात घाल. आता भाकर थाप."

"इथं?"

"खोटी खोटी थाप. हवेत."

"येडा झालास काय? लोकं बगतात."

"थाप म्हनतो ना."

हंसाबाय खुर्चीवर नीट बसली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही तळहात पुढे धरले आणि दवाखान्याच्या त्या पांढऱ्या खोलीत, सहा माणसं यंत्रांना बांधलेली असताना, नसलेली भाकरी थापायला लागली. या हातावरून त्या हातावर. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा मान वळवून बघायला लागले. भाकरी वाढत गेली, तशी तिची बोटं पसरत गेली. खुर्चीवरून ती उठली नव्हती. जमिनीवरचे पाय जागचे हलले नव्हते.

"बस," जितेश म्हणाला. त्याने तिचं मनगट धरून आकडा बघितला. "सत्तर."

"काय सत्तर?"

"सत्तर पावलं चाललीस तू. आता."

तिला कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. हा पट्टा हाताच्या हेलकाव्यावरून पावलं धरतो. एका भाकरीला सत्तर. शंभर भाकऱ्यांना सात हजार. जितेश हे सांगता सांगता हसायला लागला. हसता हसता त्याचं अंग एवढं हललं की यंत्र किंचाळायला लागलं. फेलिशिया धावत आली, नळी बघितली, बटण दाबलं. "काय चाललंय रे तुझं? नस फाडून घेतोस काय?"

"मंग नव हप्ते मी..." हंसाबाय म्हणाली.

"बसून होतीस, आये," जितेश म्हणाला. त्याचं हसू संपलं होतं. त्याने तोंड फिरवलं.

फेलिशियाने तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर उभं केलं. एक्क्याऐंशी. नऊ आठवड्यांत एक किलो.

फेलिशियाने कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे, काकू. मीच म्हटलं काढू नका. माझी आईसुद्धा भाकरी करते, पण परातीत आणि कधीमधी. माझ्या डोक्यातच आलं नाही."

हंसाबाय काट्यावरून उतरली नाही. तशीच उभी राहून म्हणाली, "किती दिस राहिले?"

"सत्तावीस."

"सत्तावीस दिसांत सात किलो."

"नाही होणार, काकू. आणि उपाशी राहून करू नका, साखर बिघडेल."

"होनार नाय ते मी इचारलं काय तुला?"

त्या दिवसापासून पट्टा तिच्या घोट्यावर आला. जुन्या लुगड्याच्या किनारीची पट्टी घेऊन तिने तो वरून घट्ट बांधला. पायावर बांधल्यावर तो खोटं बोलायचा थांबला. पहिल्या दिवशी भाकऱ्या करून, बांधावर जाऊन, घरातलं सगळं करून आकडा आला दोन हजार आठशे.

भाकऱ्या सोडता येत नव्हत्या. जितेशचा पगार बंद होता आणि घर त्या भाकऱ्यांवर उभं होतं. चालायला मात्र सकाळच हवी होती. दुपारच्या उन्हात बांधावर जरासा वळसा होतो, दहा हजार पावलं होत नाहीत. या पेचात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे धर्मा रात्रपाळीवरून आला, पाय धुतले, अंगावरचा वॉचमनचा शर्ट काढून खुंटीला लावला आणि चुलीपुढे बसला.

"सरक."

"काय करता?"

"भाकरी. तू जा चालायला."

आमच्याकडे पुरुष जाळं विणतो, मीठ ओढतो, बांध फुटला तर रात्रभर चिखलात उभा राहतो. भाकरी थापत नाही. धर्माच्या बापाने, आजाने कधी पिठाला हात लावला नव्हता. धर्माची पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्यावर पडली ती दुमडून. तिसरीला वसईच्या किनाऱ्याचा आकार आला, सगळ्या खाड्यांसकट. मीरा दारातून डोकावली आणि तिथेच फतकल मारून बसली.

"भावजी, बाईल पलाली काय तुमची?"

"पलाली नाय, चालाया गेली."

"आनि ही काय, भाकर हाय की नांगरलेलं शेत?"

"खायची तर खा, नायतर ऊठ."

मीरा उठली नाही. तिने हात धुतले आणि त्याच्या शेजारी बसली. दोघांनी मिळून त्या दिवशी शंभर भरल्या. खानावळीतून निरोप आला, आजच्या भाकऱ्या बैलाने केल्या काय. धर्माने उलट निरोप धाडला, बैल नवीन आहे, शिकतोय.

हंसाबाय बांधावर असायची. पहाटे साडेपाचला निघायची. एका हाताला शेत, दुसऱ्या हाताला खाडीतली तिवरांची झाडं, त्यांच्या मुळांत अडकलेलं धुकं. पाड्यापासून उघाडी, उघाडीपासून जुनं मिठागर, आणि परत; मग पुन्हा तेच. चपला मातीत सुटायच्या म्हणून अनवाणीच. पाण्यावरून बगळे उठायचे आणि ती गेल्यावर पुन्हा तिथेच बसायचे. आठ दिवसांत ते उठायचे बंद झाले.

तिने भात सोडला. भात पिकवणाऱ्या घरात भात सोडला. दुपारी अर्धी भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी ताक. जेवायला बसलेली माणसं तिच्याकडे बघायची नाहीत. आकडा दहा हजारांवर गेला, मग बारा, मग चौदा. घोट्याखाली पट्टीने सालटं निघालं. टाचा फुटल्या. एका सकाळी भरतीच्या पाण्याने ओल्या झालेल्या उघाडीच्या लाकडावरून तिचा पाय सरकला आणि गुडघा दगडावर आपटला. ती तिथेच बसली. बराच वेळ बसली. मग उठली आणि मिठागराच्या दिशेला लागली, घराच्या नाही. हे मला तिथे मासे धरायला गेलेल्या माणसाने सांगितलं. तो म्हणाला, ती मोठ्याने रडत होती आणि चालत होती, मी हाक मारायची हिंमत केली नाही.

आणि इकडे जितेशच्या हातातली नस बंद पडली. ज्या नसेतून यंत्र रक्त घ्यायचं ती एका सोमवारी गाठीने भरली. मानेत नळी बसवावी लागली. नळीतून ताप आला. तापात तो बडबडला, पाणी, पाणी. रोशनी त्याच्या ओठांवर ओला कपडा फिरवत बसली. ताप उतरला, पण उतरताना जितेशमधलं काहीतरी घेऊन गेला. त्याने मोबाईलमधली तारखेवरची खूण पुसून टाकली.

तारीख आलीच. चौघं मुंबईच्या इस्पितळात गेले. हंसाबाय काट्यावर चढताना बांगड्यासुद्धा काढत होती. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या, आई." सत्त्याहत्तर.

डॉक्टरांनी वही बघितली. हातावरचे आकडे आणि पायावरचे आकडे, दोन्ही रोशनीने खरे लिहिले होते. सगळी हकीकत ऐकून ते खुर्चीत मागे रेलले.

"चार आठवड्यांत चार किलो. मी माझ्या पेशंटमध्ये हे बघितलेलं नाही."

"मंग तारीख?" हंसाबाय म्हणाली.

डॉक्टरांनी दुसरा कागद तिच्यापुढे सरकवला. तिला तो वाचता येत नव्हता, म्हणून तिने तो रोशनीकडे दिला. डॉक्टर म्हणाले, "साखर अजून वर आहे. ही तपासणी तीन महिन्यांची असते, आई. शेवटचा महिना चांगला गेला, पण आधीचे दोन त्यात आहेतच. रक्त मागचं इतक्या लवकर विसरत नाही. आणखी सहा आठवडे. असंच चालत राहिलात तर तेव्हा मी नक्की..."

"ह्याच्या मानेत नली हाय," हंसाबाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सहा हप्ते हा कसा काढनार, ते सांगा."

"काढेल. काढावेच लागतील. पण मी आज तुमची किडनी काढली आणि तुम्हाला काही झालं, तर ह्याला आई कोण देणार?"

तिने रोशनीच्या हातून कागद घेतला आणि घडी करून कमरेला खोचला.

येताना भिवंडीच्या रस्त्याला तिघांनी रिक्षा धरली. रोशनी दुकानात जायला नालासोपाऱ्याला वळली होती. रिक्षा पाड्याच्या वाटेला लागली, तेव्हा जितेश म्हणाला, "मी गुरुवारी जायचा नाय."

धर्मा म्हणाला, "कुठं?"

"यंत्रावर. बस झालं."

"जितू, तोंड सांभाल."

"काय सांभालू? बाबा, तुमी दिसभर झोपत नाय. आयेचे पाय बगितलेत? मिठागरावर काम करनाऱ्या बाईचे पन असे नसतात. कोनासाठी? सहा हप्त्यांनी आनखी सहा. मग आनखी. मना नको. तुमची किडनी नको, यंत्र नको. मना एक तांब्या पानी द्या आनि झोपू द्या."

रिक्षावाला ओळखीचा होता. त्याने वेग कमी केला आणि पुढे बघत राहिला.

हंसाबाय म्हणाली, "थांबव रे."

घर अजून दोनशे पावलांवर होतं. डाव्या हाताला बांधाची सुरुवात होती. ती उतरली. दिवसभर इस्पितळाच्या बाकड्यावर बसून तिचा दुखरा गुडघा आखडला होता. उतरताना तिने रिक्षाचा दांडा धरला आणि क्षणभर तशीच वाकून राहिली.

"आये, आत बस," जितेश म्हणाला.

"तू गुरवारी जायचा की नाय ते तू बग," ती म्हणाली. "तू मोठा झालास. तुला उचलून नेनार नाय मी. पन मी चालनार. तू गेलास तरी चालनार, नाय गेलास तरी चालनार. सहा हप्ते. मंग डाक्टरला सांगनार, माझं झालं, आता ह्याचं तू बग."

"येड्यासारखी करू नको. ऊन हाय."

"असू दे."

तिने पदर कमरेला खोचला, चपला काढून रिक्षाच्या पायरीवर ठेवल्या आणि बांधावर चढली. चढताना एकदा हात टेकला. मग उभी राहिली, आणि चालायला लागली.

धर्मा खाली उतरला, दोन पावलं तिच्या मागे गेला आणि थांबला. त्याने रिक्षावाल्याला चपला घरी टाकायला सांगितल्या. मग जितेशला म्हणाला, "चल घरात. मान उन्हात नको."

जितेश रिक्षातून उतरला, पण घराकडे वळला नाही. बांधाच्या तोंडाशी एक दगड आहे, त्यावर बसला. मानेतल्या नळीवरची पट्टी त्याने एका हाताने झाकून धरली होती. ओहोटी होती. खाडीतलं पाणी मागे सरकलं होतं आणि चिखल उन्हात चमकत होता. हंसाबाय एका पायाने जरा लंगडत चालली होती. प्रत्येक पावलाला तिचा एक खांदा खाली जायचा आणि वर यायचा. उघाडीशी पोचल्यावर ती थांबेल असं त्याला वाटलं. ती थांबली नाही.

"जितू," धर्मा म्हणाला.

"थांबा जरा, बाबा."

पुढे तिवरांचा वळसा आहे, तिथे माणूस दिसेनासा होतो. ती तिथे गेली आणि दिसेनाशी झाली. जितेश दगडावर उभा राहिला. बापाने त्याच्या दंडाला धरलं, पडू नये म्हणून. दोघेही वळशाच्या पलीकडे जुन्या मिठागराच्या मोकळ्या पांढऱ्या जमिनीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिथे एक लहानसा काळा ठिपका बाहेर पडला आणि पुढे पुढे जात राहिला.